जिन्यावरचा काळा कोपरा

रात्रपाळीच्या माणसाची रात्र दुपारी असते.
टॉवेलच्या कारखान्यात बारा तास माग ऐकून
मी घरी यायचो, खटखट कानात तशीच घेऊन,
आणि स्लॅबखाली आडवा व्हायचो.
स्लॅब तव्यासारखा तापतो, असं सोलापुरात सगळेच म्हणतात.
आमच्या घरात ती नुसती म्हणायची गोष्ट नव्हती.
भूदेवी त्यावर खरंच भाकऱ्या टाकायची.

मालदांडीच्या, पातळ, चुलीवरून उतरलेल्या.
खाली जुनं लुगडं, वर दुसरं लुगडं,
तीन वाजेपर्यंत एकेक भाकरी वाजायला लागायची.
तव्यावर कडक करायची तर गॅस जळतो,
उन्हाला काही द्यावं लागत नाही.
शेकड्यानं भाव, पुण्याला पार्सल,
सोबत उखळात कुटलेली शेंगाचटणी.

म्हणजे वर तिचा धंदा भाजायचा
आणि खाली मी.

मौलाली गवंडी आला तो पाण्याचा दिवस होता.
(आमच्या गल्लीत वार कुणी विचारत नाही,
नळ कधी, तेवढंच विचारतात.)
त्यानं स्लॅबवर अनवाणी पाय टेकवला, लगेच उचलला.
"एसी घेतो का बे, का चुना?
एसी तुला गार करतो अन् शेजाऱ्याला गरम.
चुना कुणाचं काही घेत नाही."
मग बिडी न पेटवता हातात धरून बसला.
त्याच्या गावी माळवदाचं घर होतं,
लाकडी सर, त्यावर लिंबाचा पाला, वर हातभर पांढरी माती.
"पाडून स्लॅब टाकला. मीच टाकला, मजुरी घेऊन.
आता दुपारचं त्या घरात कुत्रंसुद्धा बसत नाही."

कळीचा चुना पिंपात पडला आणि पाणी उकळायला लागलं,
काडी न लावता. गल्लीतली पोरं गोळा झाली.
पाणी डाळ-तांदूळ धुतलेलं, चार दिवस साठवलेलं, आंबूस.
त्यात डिंक, मूठभर मीठ.
कुणीतरी खालून ओरडलं, गवंड्यानं चुना लावला रे तुला!
म्हणलं, लावू दे. एवढी वर्षं सिमेंटनं लावला.

भूदेवी जिन्यात उभी. बोलेना.
मग म्हणाली, "अन् माझ्या भाकऱ्या?"

ह्याचा विचार कुणी केला नव्हता.
मी नाही, मौलालीनं नाही,
महापालिकेनं वाटलेल्या त्या हिरव्या कागदानंही नाही.
त्यावर छपरं पांढरी करा, झाडं लावा, ज्वारी खा
अशी तीन वाक्यं होती, एकाखाली एक,
जशी काही ती एकमेकांना ओळखतात.

कुंचला ठिबकत राहिला.
शेवटी तिनंच अंगठ्यानं रेघ ओढली,
जिन्याच्या डोक्यावरचा तुकडा, आठ बाय सहा.
"एवढा सोड. ह्याच्याखाली कोण झोपत नाही."
मौलालीनं तिथं काळा कडप्पा बसवला,
कुणाच्या तरी मोडलेल्या ओट्याचा, कोपरा उडालेला.

मे उजाडला. बातम्यांत चव्वेचाळीस म्हणाले.
खाली गार होतं असं नाही, खोटं कशाला बोलू.
पण जाग घामानं आली नाही,
भुकेनं आली.
ताटात कडक भाकरी चुरली, वर अंबाडीची भाजी, लसणाचं तेल.
रविवारचं मटण सुटलं ते तत्त्वानं नव्हे, भावानं.
आता एखाद्या रविवारी खिसा जड असला
तरी पिशवी घेऊन मी पालेवालीपाशीच थांबतो.
का, ते मलाही सांगता येत नाही.

परवा शेजारच्या गुंडलानं विचारलं, चुना केवढ्याला पडला?
त्याच्या बायकोनं विचारलं, कोपरा केवढा ठेवला?

भाकऱ्या तिथं एका खेपेत मावत नाहीत.
भूदेवी दोनदा वर जाते, दोनदा उतरते,
आणि जिन्यावर पांढरी पावलं उमटतात.
ती रोज पुसते, कोरड्या फडक्यानं, पाणी न वापरता,
आणि मौलालीच्या नावानं बोटं मोडते,
मेल्यानं डिंक कमी टाकला.
मी कूस बदलतो.